स्टेट बँकेचा पी/ई ३३० होता तेव्हा: बँकेचं हे गुणोत्तर वर्षानुवर्षं कसं वाचावं

१० मे २०१९ ला स्टेट बँकेचा वार्षिक निकाल लागला. दोन दिवसांनी मामांचा फोन आला. "अरे, मोबाइलवर स्टेट बँकेचा पी/ई तीनशेच्या वर दाखवतोय. वीस-पंचविसाच्या वर गेला की महाग, असं तूच म्हणतोस ना? मग हे काढून टाकू का?" शेअरचा भावही तेव्हा तीनशे रुपयांच्या थोडा वर होता (पी/ई म्हणजे हा भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा). मी काढा म्हणालो, आणि मामांनी निम्मे शेअर विकले. पुढे करोनाच्या दिवसांत भाव १५० च्या आसपास आला, त्यामुळे वर्षभर माझा सल्ला बरोबरच वाटत राहिला. मार्च २०२५ अखेर तोच शेअर ७७१ रुपयांना होता आणि पी/ई दहाच्या आत होता.

सल्ला चुकला याच्यापेक्षा जास्त बोचलं ते हे, की मी तो आकडा वाचलाच नव्हता, नुसता पाहिला होता. तेव्हापासून बँकांच्या पी/ईसाठी मी एक वेगळी वही ठेवली आहे. त्या वहीत काय आणि कोणत्या क्रमाने लिहायचं, ते इथे सांगतो. उदाहरण शेवटपर्यंत स्टेट बँकेचंच आहे, कारण तिचे २०१८ ते २०२५ चे आकडे समोर ठेवले की बँकेच्या पी/ईत जे जे गोंधळ होऊ शकतात ते जवळपास सगळे एकाच ठिकाणी दिसतात.

पहिली पायरी: तक्ता स्वतःच्या हाताने मांडा

पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिसमभाग नफा, म्हणजे ईपीएस. वर्षभरात एका शेअरमागे बँकेने जेवढा नफा कमावला, त्याच्या किती पट पैसे बाजार मोजतोय, एवढंच हा आकडा सांगतो. तो मोबाइलवर तयार मिळतो, तरी एकदा स्वतः काढा. बँकेच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात निकाल आणि वार्षिक अहवाल असतात. अहवालात मागच्या दहा वर्षांच्या ठळक आकड्यांचं एक पान असतं, त्यावरून निव्वळ नफा आणि समभागांची संख्या घ्या. मार्चअखेरचा भाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सापडतो.

स्टेट बँकेचे समभाग या सगळ्या काळात ८९२.४६ कोटी होते, त्यामुळे भागाकार सोपा आहे. आकडे स्वतंत्र निकालांचे, म्हणजे उपकंपन्या न धरता, आणि वर्ष मार्चअखेरचं:

| वर्ष | निव्वळ नफा (कोटी रु.) | ईपीएस (रु.) | मार्चअखेर भाव (सुमारे, रु.) | पी/ई |
|---|---|---|---|---|
| २०१८ | तोटा ६,५४७ | – | २५० | निघत नाही |
| २०१९ | ८६२ | ०.९७ | ३२० | ३३० |
| २०२० | १४,४८८ | १६.२३ | १९७ | १२.१ |
| २०२१ | २०,४१० | २२.८७ | ३६४ | १५.९ |
| २०२२ | ३१,६७६ | ३५.४९ | ४९३ | १३.९ |
| २०२३ | ५०,२३२ | ५६.२९ | ५२४ | ९.३ |
| २०२४ | ६१,०७७ | ६८.४४ | ७५२ | ११.० |
| २०२५ | ७०,९०१ | ७९.४४ | ७७१ | ९.७ |

शेवटचा रकाना झाकून भावाचा रकाना वाचा, मग भावाचा झाकून शेवटचा वाचा. २०१९ ते २०२५ मध्ये भाव २.४ पट झाला आणि पी/ई ३३० वरून दहाच्या खाली आला. पी/ई खाली आला म्हणजे शेअर पडला, असा अर्थ आपण नकळत लावतो. इथे उलटं झालंय. वरचा आकडा वाढला, खालचा त्याच्या कितीतरी पट वाढला. म्हणून बँकेचा पी/ईचा आलेख समोर आला की पहिला प्रश्न हाच: हललंय काय, भाव की नफा?

याच तक्त्यात आणखी एक सापळा आहे. 'सात वर्षांचा सरासरी पी/ई' काढायला गेलात तर या सात आकड्यांची सरासरी ५७ च्या पुढे जाते. त्या मानाने मार्च २०२५ चा ९.७ म्हणजे फुकटातच मिळतोय असं वाटेल. ती सरासरी एकट्या ३३० ने फुगवलेली आहे, आणि तोट्याचं २०१८ तर तिच्यात धरलेलंच नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, तो १२.१ येतो. 'ऐतिहासिक सरासरीपेक्षा स्वस्त' असं कुणी दाखवलं तर ती सरासरी कशी काढली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: नफा कोणत्या चार तिमाहींचा?

वरच्या तक्त्यात मी एक सोय करून घेतली आहे. ३१ मार्च २०१९ च्या भावाला मी ३१ मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षाच्या ईपीएसने भागलं. पण त्या दिवशी तो ईपीएस कुणालाच ठाऊक नव्हता, कारण निकाल १० मेला आला. त्या दिवशी बाजारासमोर होत्या त्याआधीच्या चार तिमाही. वहीतलं ते पान असं आहे:

जानेवारी–मार्च २०१८: तोटा ७,७१८ कोटी
एप्रिल–जून २०१८: तोटा ४,८७६ कोटी
जुलै–सप्टेंबर २०१८: नफा ९४५ कोटी
ऑक्टोबर–डिसेंबर २०१८: नफा ३,९५५ कोटी

बेरीज सुमारे ७,६९४ कोटींचा तोटा. म्हणजे ३१ मार्च २०१९ ला मागच्या बारा महिन्यांचा पी/ई निघतच नव्हता. १० मेला जानेवारी–मार्च २०१९ चा ८३८ कोटींचा नफा आला, ७,७१८ कोटींच्या तोट्याची तिमाही यादीतून गळाली, आणि बेरीज झाली ८६२ कोटी. मामांना दिसलेला तीनशेच्या वरचा पी/ई तो हा. पुढे ऑगस्टच्या सुरुवातीला एप्रिल–जून २०१९ चा निकाल आला, नफा २,३१२ कोटी. आता ४,८७६ कोटींच्या तोट्याची तिमाही गळाली. बेरीज ८,०५० कोटी, ईपीएस ९ रुपये. भाव पुन्हा तीनशेच्या आसपासच, पण पी/ई ३४ च्या जवळ.

तीन महिन्यांत भाव जवळजवळ तिथेच राहिला आणि पी/ई तीनशेवरून चौतिसावर आला. बँकेत त्या तीन महिन्यांत एवढी मोठी उलथापालथ झाली नव्हती, फक्त जुनी वाईट तिमाही बारा महिन्यांच्या खिडकीतून मागे पडली होती. मी मामांना तीन महिने थांबायला सांगितलं असतं तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

म्हणून वहीत वार्षिक तक्त्याबरोबर तिमाही नफ्याची ओळही ठेवा, आणि प्रत्येक निकालाला दोन गोष्टी लिहा: कोणती तिमाही आत आली आणि कोणती बाहेर गेली. बाहेर जाणारी तिमाही बहुतेक जण विसरतात. बऱ्याचदा पी/ई हलवणारी तीच असते.

तिसरी पायरी: नफा कुठे गेला ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीचा नफा एका वर्षात तोट्यातून निघून सहा वर्षांत ८२ पट होत नाही. स्टेट बँकेचा झाला, ८६२ कोटींवरून ७०,९०१ कोटी. मग बँकेचा धंदा ८२ पट वाढला का? निकालाच्या पानावर निव्वळ नफ्याच्या वर दोन ओळी असतात, ऑपरेटिंग नफा आणि तरतुदी. त्या वाचा.

ऑपरेटिंग नफा म्हणजे व्याजाचं आणि इतर उत्पन्न, वजा ठेवींवरचं व्याज, पगार, शाखांचा खर्च. बुडीत कर्जांसाठी पैसे बाजूला काढण्याआधीचा नफा. तरतूद म्हणजे बाजूला काढलेली ती रक्कम.

२०१८: ऑपरेटिंग नफा ५९,५११ कोटी, तरतुदी सुमारे ७५,०३९ कोटी.
२०१९: ऑपरेटिंग नफा ५५,४३६ कोटी, तरतुदी सुमारे ५३,८२९ कोटी.
२०२३: ऑपरेटिंग नफा ८३,७१३ कोटी, तरतुदी सुमारे १६,५०७ कोटी.
२०२५: ऑपरेटिंग नफा १,१०,५७९ कोटी, तरतुदी सुमारे १५,३०८ कोटी.

२०१९ मध्ये बँकेने ५५ हजार कोटींच्या वर कमावले आणि त्यातले जवळपास सगळे जुन्या कर्जांच्या खड्ड्यात टाकले. करपूर्व सोळाशे कोटींच्या आसपास उरले, कर भरून ८६२. २०२५ पर्यंत ऑपरेटिंग नफा दुप्पट झाला, निव्वळ नफा ८२ पट झाला आणि भाव २.४ पट झाला. या तिन्हीत भाव ऑपरेटिंग नफ्याच्या सर्वांत जवळून चालला. २०१९ मध्ये ३२० रुपये मोजणारे लोक ०.९७ च्या ३३० पट मोजत नव्हते. खड्डा भरत आलाय आणि उद्या हे पैसे खाली नफ्यात उतरतील, असा त्यांचा हिशेब होता.

खड्डा आला कुठून? त्याआधीच्या दशकात पोलाद, वीज, रस्ते अशा मोठ्या प्रकल्पांना दिलेली कर्जं थकत होती आणि बँका मुदती वाढवत नेत होत्या. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी सुरू केली आणि दडलेली थकबाकी उघड करायला लावली. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता, म्हणजे कर्ज थकवणाऱ्या कंपन्यांचा निकाल लावणारा कायदा, आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने थकीत कर्जांच्या पुनर्रचनेच्या जुन्या सवलती बंद केल्या. त्यात १ एप्रिल २०१७ पासून पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या होत्या, त्यांची थकीत कर्जंही हिच्याच ताळेबंदात आली. मार्च २०१८ ला ढोबळ एनपीए १०.९१ टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जात जवळपास अकरा रुपये नव्वद दिवसांहून जास्त थकलेले.

हा आकडा पी/ईच्या शेजारीच लिहावा. ढोबळ एनपीए: २०१८ मध्ये १०.९१, २०१९ मध्ये ७.५३, २०२० मध्ये ६.१५, २०२१ मध्ये ४.९८, २०२२ मध्ये ३.९७, २०२३ मध्ये २.७८, २०२४ मध्ये २.२४, २०२५ मध्ये १.८२ टक्के. पी/ई ३३० दिसला तेव्हा एनपीए घसरायला लागलेला होता. २०१८ आणि २०१९ हे दोनच आकडे शेजारी ठेवले असते तरी मी मामांना निदान घाई करू नका एवढं तरी म्हणालो असतो.

याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्या. एनपीए तळाशी, तरतुदी नगण्य, नफा विक्रमी, तेव्हा पी/ई सुंदर दिसतो. तो दिसणारच, कारण भागणारा आकडा चक्राच्या माथ्यावर आहे. ९.७ पी/ई हा ३३० इतकाच एका विशिष्ट क्षणाचा फोटो आहे.

चौथी पायरी: एकदाच आलेले आणि एकदाच गेलेले पैसे

निकालात 'अपवादात्मक बाबी' अशी ओळ असते. २०२० च्या १४,४८८ कोटींच्या नफ्यात एसबीआय लाइफ आणि एसबीआय कार्ड यांतला काही हिस्सा विकून मिळालेले सुमारे ६,२१६ कोटी करपूर्व धरलेले होते. करापोटी ढोबळमानाने चौथा हिस्सा सोडून उरलेले वजा केले तर ईपीएस १६ वरून ११ वर येतो आणि पी/ई १२ ऐवजी १८ च्या जवळ जातो. हिस्सा दर वर्षी विकता येत नाही, तेव्हा १८ हाच जास्त खरा आकडा.

२०२४ मध्ये उलट. निवृत्तिवेतनाशी संबंधित ७,१०० कोटींचा बोजा बँकेने एकाच तिमाहीत उचलला. तो नफ्यात परत जोडला तर ईपीएस ७४ च्या वर जातो आणि पी/ई ११ ऐवजी १० च्या आसपास. २०२२ मध्येही कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ७,४१८ कोटी असेच एकदम गेले होते. फक्त निवृत्तिवेतनाचा 'एकवेळचा' बोजा तीन वर्षांत दोनदा आला तर त्याला एकवेळचा म्हणावं का, याचाही विचार करा. मी अर्धाच परत जोडतो.

एक नोंद फार कमी लोक वाचतात. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस बँकेची खाती नंतर तपासतात, आणि त्यांना जास्त एनपीए सापडला तर तो फरक ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास बँकेला जाहीर करावा लागतो. डिसेंबर २०१९ मध्ये स्टेट बँकेने जाहीर केलं की मार्च २०१९ च्या वर्षासाठी ढोबळ एनपीएत ११,९३२ कोटींचा आणि तरतुदीत १२,०३६ कोटींचा फरक निघाला. तो त्याच वर्षात धरला असता तर ८६२ कोटींचा नफा नव्हे, ६,९६८ कोटींचा तोटा दिसला असता. म्हणजे ज्या ईपीएसवरून ३३० काढला तोच पक्का नव्हता. कुठल्याही बँकेच्या अहवालात हा फरक आधी शोधा. सलग दोन-तीन वर्षं तो मोठा येत असेल तर त्या बँकेचा पी/ई मी विचारातच घेत नाही.

पाचवी पायरी: समभागांची संख्या आणि विभाजन

इथे थांबायला फारसं लागत नाही, पण चूक झाली तर आकडा निम्मा, कधी पावच होतो. एचडीएफसी बँकेचं उदाहरण घ्या. मार्च २०१९ च्या वर्षाचा ईपीएस ७८.६५ रुपये आणि भाव सुमारे २,३१९ रुपये, पी/ई २९.५. सप्टेंबर २०१९ मध्ये दर्शनी मूल्य दोन रुपयांवरून एक रुपया झालं, म्हणजे विभाजन होऊन एका शेअरचे दोन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बक्षीस समभाग आले. आज जुन्या भावांचा आलेख उघडलात तर मार्च २०१९ चा भाव ५८० च्या आसपास दिसेल, कारण तो मागे जाऊन दुरुस्त केलेला असतो. वार्षिक अहवालातला ईपीएस मात्र छापलेला आहे तसाच, ७८.६५. दोघांचा भागाकार ७.४. असा पी/ई त्या बँकेला त्या वर्षी एक दिवसही मिळाला नव्हता. भाव दुरुस्त केलेला असेल तर ईपीएसही दुरुस्त करा. एकूण नफा भागिले आजच्या हिशेबाचे समभाग, हे सगळ्यात सुरक्षित.

सहावी पायरी: स्वतंत्र की एकत्रित?

स्टेट बँकेकडे एसबीआय लाइफचा सुमारे ५५ टक्के आणि एसबीआय कार्डचा सुमारे ६८ टक्के हिस्सा आहे, शिवाय म्युच्युअल फंड आणि सर्वसाधारण विमा. शेअरच्या भावात या सगळ्यांची किंमत आलेली असते, पण स्वतंत्र निकालात त्यांचा नफा धरलेला नसतो, फार तर लाभांश येतो. त्यामुळे भाव सगळ्या कुटुंबाचा आणि नफा एकट्या कर्त्याचा, असा भागाकार होतो. मार्च २०२५ च्या वर्षाचा एकत्रित नफा ७७,५६१ कोटी होता. त्यावर पी/ई ८.९ येतो, स्वतंत्रवर ९.७. २०१९ मध्ये फरक आणखी मोठा होता, कारण एकत्रित नफा २,३०० कोटी होता. त्यावर पी/ई १२४, स्वतंत्रवर ३३०. एकाच बँकेचे, एकाच दिवसाचे, दोन्ही बरोबर.

कोणताही एक निवडा, पण आठही वर्षं तोच ठेवा. निर्देशांकाच्या पी/ईतही हेच झालं होतं. राष्ट्रीय शेअर बाजाराने एप्रिल २०२१ पासून निर्देशांकांचा पी/ई एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली आणि निफ्टीचा पी/ई एका फटक्यात ४० च्या वरून ३३ च्या आसपास आला. बाजार पडला नव्हता. निफ्टीचा किंवा निफ्टी बँकेचा दहा वर्षांचा आलेख पाहताना त्या ठिकाणी पेन्सिलीने उभी रेघ मारा आणि अलीकडचे-पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

सातवी पायरी: पी/ई फोडून पाहा

वहीतली माझी आवडती ओळ ही आहे. पी/ई म्हणजे पी/बी भागिले आरओई. पी/बी म्हणजे भाव भागिले प्रतिसमभाग पुस्तकी मूल्य, आणि आरओई म्हणजे भागधारकांच्या निधीवर सुटलेला नफा. बँकेत ही फोड फार उपयोगी पडते, कारण बँकेची मालमत्ता म्हणजे मुख्यतः कर्जं आणि रोखे. पुस्तकी मूल्याला तिथे कारखान्याच्या पुस्तकी मूल्यापेक्षा जास्त अर्थ असतो.

मार्च २०१९: भांडवल आणि राखीव निधी सुमारे २.२१ लाख कोटी, प्रतिसमभाग सुमारे २४७ रुपये. पी/बी १.२९. आरओई ०.३९ टक्के. भागाकार ३३०.

मार्च २०२५: सुमारे ४.४१ लाख कोटी, प्रतिसमभाग सुमारे ४९४ रुपये. पी/बी १.५६. आरओई १६ टक्के. भागाकार ९.७.

(बँक स्वतः आरओई १९.८७ टक्के दाखवते, कारण ती निधी वेगळ्या पद्धतीने मोजते. भागाकार जुळायला हवा असेल तर तिन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत.)

एका रुपयाच्या निधीला बाजार २०१९ मध्ये १.२९ रुपये देत होता, २०२५ मध्ये १.५६. बाजाराचं बँकेबद्दलचं मत एवढंच बदललं. ३३० ते ९.७ हा बाकीचा सगळा प्रवास आरओईचा आहे. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मामांच्या फोनचं उत्तर सापडलं. शेअर महाग नव्हता, नफा दबलेला होता.

आता एचडीएफसी बँक याच पद्धतीने पाहा. २०१९ ते २०२३, म्हणजे एचडीएफसी लिमिटेड तिच्यात विलीन होण्याआधीपर्यंत, तिचा नफा २१,०७८ कोटींवरून ४४,१०९ कोटी झाला, दुपटीच्या वर. विभाजन धरून भाव मात्र सुमारे १,१५९ वरून १,६१० पर्यंतच गेला. पी/ई २९.५ वरून २०.३ वर आला. इथे नफा शिस्तीत वाढला, खड्डे नाहीत, त्यामुळे पी/ई उतरला तो खरोखरच बाजाराचा कल बदलल्यामुळे. एका रुपयाच्या नफ्याला लोक आधी साडेएकोणतीस देत होते, २०२३ मध्ये वीस. तिच्या आलेखातून बाजाराचं मन वाचता येतं, स्टेट बँकेच्या आलेखातून कर्जचक्र. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून 'ही स्वस्त, ती महाग' म्हणणं चुकीचं आहे, आणि दुर्दैवाने हेच सर्रास चालतं.

आठवी पायरी: साधारण वर्षाचा नफा धरून पी/ई काढा

२०१९ चा नफा फार कमी, २०२५ चा कदाचित फार चांगला. मग भागायचं कशाने? आठ वर्षांच्या नफ्याची सरासरी घेतली तर सुमारे ३०,३८७ कोटी येते, पण ती अन्यायकारक आहे, कारण २०१८ ची बँक आजच्यापेक्षा बरीच लहान होती. त्याऐवजी मालमत्तेवरच्या परताव्याची, आरओएची, सरासरी घ्या. स्टेट बँकेचा आरओए २०१८ पासून असा: उणे ०.१९, ०.०२, ०.३८, ०.४८, ०.६७, ०.९६, १.०४, १.१० टक्के. सरासरी ०.५६.

मार्च २०२५ ला बँकेची एकूण मालमत्ता सुमारे ६६.७६ लाख कोटी होती. तिच्यावर ०.५६ टक्के म्हणजे सुमारे ३७,४०० कोटींचा नफा, ईपीएस सुमारे ४२ रुपये. ७७१ भागिले ४२, पी/ई १८ च्या वर.

आता हातात दोन टोकं आली. सगळं २०२५ सारखंच चांगलं राहिलं तर ९.७. मागच्या आठ वर्षांतल्या वाईटाची आणि चांगल्याची सरासरी परत आली तर १८. माझं स्वतःचं मत असं की २०१८ सारखं वर्ष दर आठ वर्षांनी येईल असं धरणं कठोर आहे, कारण आज बँकेची बरीच कर्जं घरं आणि पगारदारांकडे आहेत आणि मोठ्या उद्योगांच्या कर्जांवर दिवाळखोरी संहितेचा धाक आहे. म्हणून मी मधे ०.८ टक्के धरतो. नफा सुमारे ५३,४०० कोटी, ईपीएस ६० च्या आसपास, पी/ई १३ च्या आत. तुम्ही ०.७ धराल, कुणी ०.९ धरेल. तो आकडा का धरला ते वहीत एका वाक्यात लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी भाव बघून तोच बदलायचा मोह होतो.

दर तिमाहीचं काम

हे सगळं एकदा मांडलं की पुढे निकालाच्या दिवशी अर्धा तास पुरतो. नवी तिमाही आत, जुनी बाहेर. ऑपरेटिंग नफा आणि तरतूद वेगळ्या रकान्यांत. ढोबळ एनपीए आणि निव्वळ, म्हणजे तरतूद वजा करून उरलेला, एनपीए. अपवादात्मक बाब असेल तर लाल शाईने. पी/बी, आरओई, आणि सगळ्यात शेवटी पी/ई. पी/ई शेवटी लिहायचं कारण एवढंच की तो आधी लिहिला तर बाकीचे रकाने भरायचा उत्साह राहत नाही, मन तिथेच ठरतं. मामांना आता मी हीच पानं पाठवतो. राहिलेले निम्मे शेअर त्यांच्याकडे अजून आहेत.

वही चालू ठेवणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती. जुलै २०२५ मध्ये स्टेट बँकेने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून ८१७ रुपये भावाने २५,००० कोटी उभे केले. सुमारे ३०.६ कोटी नवे समभाग आले आणि ८९२.४६ कोटींचा जुना भाजक तिथे संपला. पुढच्या ओळींत सुमारे ९२३ कोटी धरा, आणि मार्च २०२६ च्या वर्षासाठी वर्षभरातली भारित सरासरी संख्या निकालाच्या पानावरूनच घ्या.